विसापैकी वीस

"वही मिट," शिवलिंगआप्पा म्हणाले.

मी वही मिटली. पेनला टोपण लावलं आणि ते वहीवर आडवं ठेवलं, त्यांना दिसेल असं.

तोवर पाऊण तास मी लिहून घेत होते आणि आप्पा सांगत होते. आमच्या चिंचहाळीत लहान पोरांनाही पाठ असलेलीच ती हकिकत. अठ्ठेचाळीस सालचा पावसाळा, निजामाचं राज्य. सरहद्दीपलीकडच्या कॅम्पातून सात जण रानारानानं आले आणि त्यांनी गावाबाहेरच्या निजामाच्या जकात नाक्यावर हल्ला केला. नाक्यातलं दप्तर जाळलं. गोळीबार झाला, आणि त्यात आमच्या गावचा माधव गेला, आप्पांच्या मांडीवर डोकं ठेवून. सातांपैकी गावात आता आप्पा एकटेच उरले होते. दर पंधरा ऑगस्टला शाळेचा झेंडा त्यांच्याच हातून व्हायचा.

"हे तुला ठाऊकच हाय की," आप्पा मधेच म्हणाले होते. "मग कामून विचारायलीस?"

"सगळ्यांना ठाऊक आहे तेच लिहिलं तर एकोणीस मिळतात, आप्पा. मला वीस पाहिजेत."

ते खळखळून हसले होते. त्यांची नात शिवकांता माझ्याच बाकावर बसायची, त्यामुळे देवणीकर सरांचं ते प्रकरण त्यांच्याही कानावर होतं. सर आम्हाला दहावीला इतिहास शिकवायचे. इतिहासाच्या पेपरात वीस गुणांचा निबंध असायचा आणि तो कसा लिहायचा हे त्यांनी आम्हाला घोटून घेतलं होतं. सुरुवातीला प्रसंग, मग कारणं, मग सन आणि नावं बिनचूक, आणि शेवटचं वाक्य असं की तपासणाऱ्याचा हात थांबला पाहिजे. मला ते जमायचं. आठवीपासून मी इतिहासात पहिली होते. पण सर एकोणीसच्या वर जात नसत. "विसावा गुण जो तिथं हजर होता त्याचा," असं म्हणायचे आणि गठ्ठा बांधून ठेवायचे. जुलैअखेरच्या चाचणीसाठी त्यांनी विषय आधीच सांगून ठेवला होता: स्वातंत्र्यलढ्यात माझ्या गावाचा वाटा. म्हणून मी हजर असलेल्या माणसाकडे आले होते.

आणि मी एक प्रश्न विचारला होता, जो बहुतेक कुणी विचारला नसावा.

"आप्पा, माधवकाका शेवटी काय म्हणाले?"

आप्पांनी तोंड उघडलं, मिटलं. अंगणात शिवकांताची आई शेंगा निवडत होती, तिच्याकडे पाहिलं. आणि मग म्हणाले, वही मिट.

"माझ्या मांडीवर न्हाई गेला तो," ते हळू आवाजात म्हणाले. "गोळी मांडीत लागली होती त्याच्या. खांद्यावर घालून मी त्याला जवारीत नेलं, खाली ठेवलं. पाणी पाणी करायला. ओढा तिथून शंभर पावलांवर. मी गेलो. फडकं भिजवलं. आणि घोड्यांचा आवाज आला."

आप्पांनी अंगणाकडे पाहून आवाज आणखी खाली आणला.

"मी आडवा पडलो. शिंदीच्या बुडाला, चिखलात. लई वेळ पडलो, बाई. घोडे गेले तरी पडलो. उठावं वाटंना. किती वेळ, ते आजपत्तुर मला सांगता येईना. मग उठलो, फडकं परत भिजवलं, गेलो. त्याच्या तोंडाला लावलं. तोंड उघडंना." त्यांनी स्वतःच्या ओठांवर दोन बोटं ठेवली. "ते फडकं तसंच ठेवून मी निघालो. मी पडलो होतो तवा गेला, का पहिल्यांदाच गेला होता, काय म्हाईत."

"मग मांडीवर..."

"त्याची बहीण, गंगू. चौदा वर्षांची होती. मला विचारली, दादा एकटाच होता का? काय सांगू तिला? म्हणलं, माझ्या मांडीवर गेला. तवापासून राखी बांधती ती मला. एकतीस वर्षं झाली." मग माझ्या वहीकडे पाहून म्हणाले, "हे तुझ्या वहीत नको. तू नीट विचारलीस म्हणून सांगितलं. कुणाला तरी एकदा सांगायचंच होतं."

"नाही लिहिणार, आप्पा," मी म्हणाले.

निघताना त्यांनी मला शेंगा दिल्या, ओंजळभर. मी त्या वाटेनं खात घरी आले.

चाचणीच्या दिवशी मी तो निबंध ठरवला होता तसाच लिहायला घेतला. प्रसंग, कारणं, सन, नावं. पाऊण पान झालं आणि मी माधवच्या मरणापाशी आले. "मित्राच्या मांडीवर डोके ठेवून त्याने प्राण सोडले," असं लिहिलं आणि थांबले. वर्गातल्या त्रेचाळीस पेपरांत हे वाक्य असणार होतं. पुढच्या बाकावरच्या पोराची मान वाकडी झालेली दिसत होती, तोही बहुतेक तेच लिहीत होता. घंटेला पंचवीस मिनिटं होती.

मी ते वाक्य खोडलं.

पुढचं लिहिताना माझा हात अडला नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. वचन आठवलं नाही असंही नाही. आठवलं, आणि मी स्वतःला म्हणाले की नाव नाही घालायचं. नाव घातलं नाही. लिहिलं की माधवने पाणी मागितले, सोबती ओढ्यावर गेला, घोड्यांचा आवाज आला आणि सोबती तिथूनच कॅम्पाकडे पळाला. तो परत आला नाही. माधव जोंधळ्यात एकटा पाणी मागत मेला.

भिजवलेलं फडकं मी गाळलं. ते मी विसरले नव्हते. ते आलं असतं तर तो परत आला असता, आणि परत आला असता तर माझं शेवटचं वाक्य उभं राहिलं नसतं. ते वाक्य मला आधी सुचलं होतं आणि त्याच्यासाठीच मी बाकीचं बदललं. ते असं होतं: एकाने झेंड्यासाठी प्राण दिले, दुसरा आजही झेंडा फडकवतो.

घंटा झाली तेव्हा माझे कान गरम झाले होते. मला फार आनंद झाला होता.

चार दिवसांनी देवणीकर सरांनी मला शिक्षकांच्या खोलीत बोलावलं. माझा पेपर त्यांच्यापुढे उघडा होता. सर आमच्या गावचे नव्हते, दोन वर्षांपूर्वी बदलून आले होते. पण झेंडा कोण फडकवतो हे त्यांना ठाऊक होतं.

"वैजयंता, हे तुला कुणी सांगितलं?"

"आप्पांनी, सर."

"स्वतः? असंच? पळून गेले, परत आले नाहीत?"

"हो सर."

सरांनी चष्मा काढला. "तू हे लिहिणार आहेस, त्यांना ठाऊक आहे?"

तिथं मला दुसरं काहीही बोलता आलं असतं. नाही म्हणाले असते तर सरांनी पेपर मिटून ठेवला असता, इतके ते सरळ होते. गुण कदाचित तरीही दिले असते.

"हो सर," मी म्हणाले. "तेच म्हणाले, लिही."

सर म्हणाले, "एकसष्ट वर्षांचा माणूस. पोरीला बसवून सांगतो की मी पळालो, आणि लिही म्हणतो. केवढी छाती लागते याला." त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी लाल पेननं वीसचा आकडा लिहिला आणि भोवती गोल केला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी निबंध वर्गात वाचला. सर नेहमीच सगळ्यात चांगला निबंध वाचून दाखवत. आधी त्यांनी सांगितलं की खरं बोलणाऱ्या माणसाचा हा निबंध आहे, त्याचा मान ठेवून ऐका. मग वाचायला लागले. शिवकांता माझ्या डाव्या हाताला बसली होती. ओढ्यापर्यंत ती बाकावर कोपर टेकून ऐकत होती. नंतर तिनं कोपर काढलं आणि हात मांडीवर घेतले. शेवटचं वाक्य झाल्यावर वर्गात एकेकाची मान तिच्याकडे वळली.

मला वाटलं, ती आता उठून मला मारेल. मी तयारही होते.

मधल्या सुट्टीत ती माझ्याबरोबर हापशापाशी आली. म्हणाली, "आज्जानं हे तुला सांगितलं?"

"हो."

"आम्हाला कधी नाही सांगितलं." तिचा आवाज अगदी सपाट होता. "बरं केलंस लिहिलंस. आम्ही आपले मिरवतोय, झेंडेवाल्याच्या घरचे म्हणून."

ती पुन्हा माझ्या शेजारी येऊन बसली. दहावी संपेपर्यंत बसत होती.

आमची पिठाची गिरणी होती. गावातलं सगळं बोलणं दळणाबरोबर आमच्या दारात यायचं. त्या आठवड्यात दळण टाकायला आलेली माणसं दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, विचारायची, "पोरगीनं काय लिहिलंय म्हणं?" दादा पट्टा चालू करायचे, म्हणजे बोलणं ऐकू यायचं नाही. माझ्याशी ते काही बोलले नाहीत. आमच्या घरातली दहावीपर्यंत आलेली मी पहिली मुलगी होते, आणि मला शिकवू नको असं सांगणाऱ्या चुलत्यांशी त्यांनी माझ्यासाठी वाकडं घेतलं होतं.

राखीपौर्णिमा आली. त्या दिवशी दुपारी मी शिवकांताकडे गेले, गणिताची वही आणायला. ओसरीवर आप्पा बसले होते. पांढरं धोतर, धुतलेला सदरा, कपाळाला भस्म. पुढ्यात पाट मांडलेला होता, आणि पाटाशेजारी तांब्या.

"ये," ते मला म्हणाले. नेहमीसारखंच.

मी खाली मान घालून आत गेले. आत शिवकांता म्हणाली, "सकाळी सातपासून बसलाय. गंगाबाई कशी येईल आता?" तिनं वही माझ्या हातात दिली. "बसू दे."

मी परत जाताना पुढच्या दारानं गेले नाही, गोठ्यातून गेले.

तेरा ऑगस्टला शाळेत बोलावणं आलं. हेडमास्तरांच्या खोलीत हेडमास्तर, देवणीकर सर, शाळा समितीचे दोघे जण, दादा आणि आप्पा होते. दादांच्या सदऱ्यावर पीठ होतं. ते तसेच उठून आले होते. परवा झेंडा कुणी फडकवायचा, यावर समितीत बोलणं झालं होतं. एक जण म्हणत होता, पळालेल्या माणसाला कशाला. दुसरा म्हणत होता, शाळकरी पोरीच्या पेपरावरून काय ठरवता, तिनं मनानं लिहिलं असेल.

"मनानं लिहिलं?" दादा एकदम म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, हेडमास्तरांकडे पाहून बोलले. "मास्तर, माझ्या पोरीनं म्हाताऱ्या माणसावर खोटं लिहिलं असंल तर तिची शाळा आजपासून बंद. मी तिला इथूनच घरी नेतो. दहावी गेली खड्ड्यात. आधी ते विचारा."

दादा बोलले की तसं करायचे. माझ्या थोरल्या भावाला त्यांनी एका खोट्यावरून दोन वर्षं घराबाहेर ठेवलं होतं.

हेडमास्तर माझ्याकडे वळले. "वैजयंता, तू लिहिलंस तसंच आप्पा म्हणाले?"

मी आप्पांकडे पाहिलं नाही, त्यांच्या पायांकडे पाहिलं. पायात टायरच्या चपला होत्या आणि एका चपलेला नवा अंगठा लावलेला होता.

"तिला कामून विचारायलाव?" आप्पा म्हणाले. "मला विचारा की."

"बोला आप्पा."

"तिनं ते मला वाचून दाखवलं न्हाई, पण काय लिहिलंय ते माझ्या कानावर आलंय." ते थांबले. खोलीतल्या सगळ्यांना वाटलं, आता नाही म्हणतील. मलाही वाटलं, आणि तसं वाटून थोडं बरंही वाटलं, हे खरं आहे. "पोरीनं लिहिलंय ते बरोबर हाय. मी सांगितलं तसंच लिहिलंय."

"परत गेला नाहीत तुम्ही?" समितीतला एक जण म्हणाला.

"न्हाई."

"आणि तिला लिही म्हणालात?"

आप्पांनी आता माझ्याकडे पाहिलं. मी मान वर केली होती, म्हणून मला ते दिसलं. रागानं पाहिलं असतं तर मी बोलले असते, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. ते तसे पाहत नव्हते. एखाद्या लहान मुलानं हातातलं भांडं पाडलं की आपण आधी त्याला लागलं का ते बघतो, तसं बघत होते.

"म्हणलो," ते म्हणाले. "यंदा झेंडा सरपंचांच्या हातून होऊ द्या. माझा खांदाबी दुखायलाय."

देवणीकर सर उठले आणि खाली वाकून आप्पांच्या पाया पडले. आप्पांनी पाय मागे घेतले.

बाहेर आल्यावर दादांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांनी असं कधी केलं नव्हतं. म्हणाले, "मला वाटलंच होतं, तू खोटं लिहिणार न्हाईस."

पंधरा ऑगस्टला सरपंचांनी झेंडा फडकवला. इतिहासात शाळेत पहिली आल्याबद्दल मला शब्दकोश मिळाला. माझं नाव पुकारल्यावर मी व्यासपीठावर चढले तेव्हा आप्पा दिसले. ते आले होते. मैदानाच्या मागच्या बाजूला, आयाबाया उभ्या होत्या तिथं ते उभे होते, आणि माझ्यासाठी टाळ्या वाजवत होते.

मी मार्चमध्ये दहावीला बसले. इतिहासात केंद्रात पहिली आले. मे महिन्यात शिवकांताचं लग्न झालं, निलंग्याकडच्या एका गावात. मी अकरावीला लातूरला गेले. शास्त्र शाखा घेतली. देवणीकर सरांनी पत्र पाठवून विचारलं, कला शाखा का नाही. मी उत्तर पाठवलं नाही.

पुढच्या जानेवारीत दादांचं पत्र आलं. त्यात गिरणीचं इंजिन, आईचा गुडघा, आणि शेवटी एक ओळ, शिवलिंगआप्पा गेले. ते पत्र मी खोलीतल्या मुलींसमोर वाचलं आणि घडी करून पुस्तकात ठेवलं. जेवायला गेले. जेवलेही.

परीक्षा संपवून मी गावी आले आणि तिसऱ्या दिवशी गंगाबाईच्या दारात गेले. ठरवून गेले नव्हते, असं म्हणता येणार नाही. लातूरच्या एस.टी.त बसल्यापासून मी वाक्यं जुळवत होते.

गंगाबाई जात्यावर डाळ भरडत होती. गिरणी गावात असली तरी डाळ ती घरीच भरडायची. तिनं मला बसायला सांगितलं. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं, एका दमात. आप्पा परत गेले होते, फडकं भिजवून गेले होते, ते मी गाळलं, मला कुणी लिही म्हणालं नव्हतं, उलट नको म्हणाले होते.

तिचा हात थांबला नाही. जातं फिरत राहिलं.

"ठाऊक हाय मला," ती म्हणाली.

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"आमच्या माधवदादाला सकाळी घरी आणला तवा त्याच्या तोंडावर ओलं फडकं होतं. मी काढलं ते, माझ्या हातानं. लाल काठाचं." तिनं मूठभर डाळ जात्यात टाकली. "राखीला मी गेले न्हाई. मांडीवर गेला म्हणून एवढी वर्षं सांगितलं मला, त्याचा राग आला होता. मग झेंड्याच्या दुसऱ्या दिवशी फडकं आठवलं. तशीच उठले आणि गेले. म्हणलं, तू परत आलतास. पोरगीनं खोटं लिहिलंय, मी गावाला सांगते."

"मग?"

"हात जोडले मला. म्हणला, गंगू, तोंड उघडू नकोस. तिचा बाप तिला शाळेतून काढील. दहावीचं वर्ष हाय, हुशार हाय. मी म्हणलं, आणि तू? तर म्हणला, मी चिखलात पडलो होतो एवढं तर खरं हाय की." जातं थांबलं. "पुढच्या वर्षी बांधली मी राखी. कुणाला न कळता, मागच्या दारानं गेले."

मी खाली बसले. रडायला येईल असं वाटलं होतं, आलं नाही.

"मला कामून सांगायलीस?" गंगाबाई म्हणाली. "मला ठाऊकच होतं. ज्याला ठाऊक न्हाई त्याला सांग."

शिवकांताच्या सासरी जायला दोन एस.टी. बदलाव्या लागायच्या. दादांना मी खरं कारण सांगितलं नाही, मैत्रिणीला मूल झालंय, बघून येते म्हणाले. मूल झालंच होतं, दीड महिन्याचा मुलगा, आणि बाळंतपण सासरीच झालं होतं. शिवकांता मला बघून इतकी खूश झाली की तिनं बाळाला माझ्याच मांडीवर ठेवलं आणि चहा टाकायला पळाली. स्वयंपाकघरातून मोठ्यानं बोलत होती. लातूर कसं आहे, बोर्डिंगचं जेवण कसं आहे, शास्त्र कसं जमतं. "तू डॉक्टर होणार बघ," म्हणाली. "आज्जासुद्धा म्हणायचा, वैजू लई पुढं जाणार."

ती चहा घेऊन आली. मी बाळ तिच्याकडे दिलं, कारण ते मांडीवर असताना मला बोलता येईना. मग सांगितलं. गंगाबाईला सांगितलं होतं तेवढंच, आणि हेडमास्तरांच्या खोलीतलंही, दादा काय म्हणाले आणि आप्पा काय म्हणाले ते.

शिवकांता ऐकत होती. निबंध ऐकताना बसली होती तशीच बसली होती. मी बोलायची थांबले तेव्हा तिनं चहाच्या कपाकडे पाहिलं, बाळाचं टोपडं नीट केलं.

"म्हणजे त्याला ठाऊक होतं, तू खोटं लिहिलंस."

"हो."

"आणि तो तुझ्यासाठी खोटं बोलला."

"हो."

"मग मला तरी सांगायचं होतं की त्यानं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "मी तर त्याच्या घरातली होते. वैजू, मी त्याच्याशी बोलतच नव्हते. आठ-नऊ महिने. त्याचं ताट त्याच्यापुढं ठेवायचे आणि आत जायचे. तो म्हणायचा, शिवा, बस की जरा. मी बसायचे नाही. लग्नात पाया पडले तेव्हा त्यानं माझी हनुवटी धरली, आणि मी तोंड फिरवलं."

मी म्हणाले, "शिवा, माझं चुकलं."

तिनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही. बाळ कुरकुरायला लागलं, तिनं त्याला खांद्यावर घेतलं आणि उठून फेऱ्या मारू लागली, दारापासून चुलीपर्यंत, चुलीपासून दारापर्यंत. मी बसून राहिले. पाचची एस.टी. असते हे मला ठाऊक होतं आणि तिलाही ठाऊक होतं.

शेवटी ती माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "आजारी होता तेव्हा दोनदा निरोप आला होता मला, येऊन जा म्हणून."

बाळ तिच्या खांद्यावर झोपलं होतं.

"नाही गेले मी," ती म्हणाली.